कालवणातल्या अहिराचं वय

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी अहिरावर प्रोजेक्ट घेतला. अहिर म्हणजे सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. जन्मतो समुद्रात, वाढतो खाडीत नाहीतर नदीत आणि अंडी घालायला परत समुद्रात जातो. त्याच्या डोक्यात, कानाशी, तांदळाच्या कणीएवढा खडा असतो. त्यात झाडाच्या खोडासारखी वर्षाला एक कडी पडते. खारबावच्या खाडीतला अहिर माझ्या हाताएवढा लांब, कड्या पाच. आमच्या गणेशपुरीकडच्या नदीतला त्याच्या निम्मा, कड्या बारा.

सर म्हणाले, "लेबलं उलटी लावलीस. लहान मासा म्हातारा कसा? परवापर्यंत नदीतला दुसरा आण, नाहीतर मी सही करणार नाही."

बाबा भातशेती करतात, फावल्या वेळात गळ टाकतात. ऐकून ते हसलेच. "खाडीत गाळ हाय, कोलबी हाय, खातो नि फुगतो. आपल्याकडं नुसता दगूड. खाया न्हाय तर वाढंल कसा?" तरी दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी डोहातून दीड वितीचा अहिर आणला. मला प्रॅक्टिकल होतं, मी तो घमेल्यात ठेवून गेले.

संध्याकाळी येते तर मासा कालवणात.

"आई, तो प्रोजेक्टचा होता!"

"मग? डोकं तुझ्याच ताटात वाढलंय की!"

शिकणाऱ्या पोराला माशाचं डोकं, ही आमच्या घरची रीत. मी ताटावर रडायलाच बसले. मग ट्यूब पेटली. खडा शिजून विरघळतो थोडाच! डोकं बोटांनी फोडलं. हळदीनं पिवळे झालेले दोन खडे निघाले. धुतले आणि काडेपेटीत ठेवले.

सरांनी काडेपेटीचा वास घेतला. "हे काय, मसाला?" पण खडा स्वतः घासला, स्वतः मायक्रोस्कोपखाली धरला, दोनदा मोजला. चौदा! या वेळी बदलायला लेबलच नव्हतं, घरात एकच मासा आला होता. मासा दीड वितीचाच होता आणि बाबा काय म्हणाले, ते मी सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांचं दगडाचं बोलणं रिपोर्टात लिही, त्यांच्या नावासकट." आणि सही केली.

घरी सांगितलं तर बाबा बोटांवर मोजायला लागले. "म्हंजे तू पहिलीत गेलीस तवापासून हाय तो आपल्या डोहात."

आई चुलीकडूनच म्हणाली, "मग त्यालापण डिग्री द्या!"