टर्बोचा रिटर्न पाइप

चाचा दुकानात आले की आधी करंगळी पायजम्याला पुसायचे आणि मग काउंटरवरच्या पाइपात घालायचे. दुसऱ्या पेरापर्यंत गेली तर पाइप पास. अडली तर पाइप माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "शोकेसमधी ठेवा शेठ. दिसाले चांगला हाय."

मंगरूळपीरला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तीन दुकानं सोडून चाचांचं गॅरेज होतं. तुमच्याही गावात असा एखादा मिस्त्री असेल, ज्याला गिऱ्हाइकापेक्षा गाडीची दया जास्त येते. पाकिटावर छापलेलं माप ते वाचायचे, मान डोलवायचे आणि तरीही करंगळी घालायचीच.

करंगळी पास झाली की दुसरी परीक्षा. पिशवीतून जळक्या ऑइलची बाटली निघायची. पाइप तिरपा धरून त्यातून ऑइल सोडायचं आणि ते न अडखळता खाली पडतं का ते पाहायचं. खाली म्हणजे माझ्या काउंटरवर.

"चाचा, खाली डबा तरी ठेवा!"

"ठेवा ना. कोन नाई म्हणते?"

शेवटी मीच एक डबा कायमचा ठेवला. दुकान माझं, डबा माझा, ऑइल त्यांचं. मला या माणसाचा भयंकर राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो.

आता ही सगळी तपासणी कशासाठी, ते ऐका. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोत एक चक्की गरगर फिरत असते. तिला सतत ऑइल लागतं. ते पंपाच्या जोरावर बारीक पाइपातून आत येतं. बाहेर पडून खाली इंजिनाच्या चेंबरात जातं ते मात्र नुसतं उतारानं, मागून कोणी ढकलत नाही. म्हणून परतीचा पाइप जाड हवा, होईल तितका सरळ हवा, मध्ये कुठं खोलगट नको, काटकोन तर नकोच. तो तुंबला की ऑइल टर्बोतच साचतं, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि शहाणे लोक चांगला टर्बो काढून फेकतात. चाचा हे थोडक्यात सांगायचे, "येते जोरानं, जाते आपल्या मनानं. त्याच्या वाटेत नका येऊ."

माझ्या बायकोला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी वाशीमला न्यावं लागतं. खेप चुकवून चालत नाही. चुकली की तिला धाप लागते आणि मग जे होतं ते मला पाहवत नाही. तर एका सोमवारी दुपारी आमच्या गाडीचा हाच परतीचा, रिटर्न पाइप फुटला. दुकानात तसा पाइप नव्हता, अकोल्याहून बुधवारी येणार होता. होता तो एक एल्बो. चकचकीत, काटकोनी, नवाकोरा.

चाचांनी करंगळी घातली. नखापाशीच अडली.

"नाई लावत."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे चाचा! रोज विकतो मी हे."

"तुमी विकता. अंदर बसते कोन? भाभी. उद्या दुसरी गाडी करा, मी सांगून देतो एकाले."

सुटे भाग विकणारा माणूस, आणि त्यानं भाड्यानं गाडी करायची? माझं डोकं फिरलं. "तुमच्याशिवाय गाव अडलं नाही," असं मी भर बाजारात म्हणालो. ते करंगळी पायजम्याला पुसून निघून गेले. एल्बो मी स्वतः बसवला. वर भरपूर सीलंट थापलं, कारण दुकानदाराला वाटतं की सगळे प्रश्न ट्यूबमधून सुटतात.

मंगळवारी सकाळी आसेगावच्या फाट्याच्या पुढं बायको म्हणाली, "अहो, मागचं काहीच दिसून नाही राह्यलं." मी आरशात पाहिलं. मागचा रस्ता निळा झाला होता. गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं आणि नुसता पाहत उभा राहिलो. बायको पदरात तोंड धरून खोकत होती आणि मलाच धीर देत होती.

दहा मिनिटांत त्या धुरातून एक मोटरसायकल आली. तिच्यावर चाचा.

"इकडंच चाललो होतो," ते म्हणाले. हँडलला पान्यांची पिशवी आणि एक जुना सरळ पाइप लटकत होता.

त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी रस्त्यात आडवे उभे राहून वाशीमकडं जाणारी एक जीप थांबवली. "भाभीले बसवा पह्यले. तुमीबी जा. चाबी द्या."

चार तासांनी आम्ही दवाखान्याबाहेर आलो तर गाडी लिंबाखाली उभी होती आणि चाचा मडगार्डला टेकून भुईमूग खात होते. एल्बो धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवला होता.

"तुमचा माल हाय. टर्बोले काई नाई झालं."

"आणि हा पाइप कुठून आणला?"

"घरी होता."

आता ते 'मी म्हटलं होतं ना' म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणालेच नाहीत. बायकोला विचारलं, "भाभी, शेंगा चालतेत का तुमाले?" तिला चालत नव्हत्या.

बुधवारी नवा पाइप आला. चाचा म्हणाले, "बसलेला कायले हलवता? हा देऊन टाका कोनाले." गुरुवारी तो इंझोरीच्या एका गिऱ्हाइकानं नेला. नेण्याआधी चाचांनी त्यात करंगळी घातली, ऑइल सोडलं आणि त्याला सांगितलं, "डोळे मिटून ने."

पुढं चारेक महिने मी त्यांना मोटरसायकलवरच पाहिलं. उन्हातान्हात, गुडघे दुखत असताना. घरची जीप का काढत नाही विचारलं, तर "कटाळा येते." मग गुडघ्यांनी पुरताच दगा दिला आणि मोठा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. गॅरेजला कुलूप लागलं. काउंटर आता स्वच्छ असतो आणि मला दुकानात करमत नाही.

गेल्या आठवड्यात तो मुलगा जीप विकायला आला. "काका, चालूच होत नाही. जरा पाहता का?" मी बॉनेट उघडलं. इंजिन माझ्या गाडीसारखंच. टर्बोखाली रिटर्न पाइप नव्हता. दोन्ही तोंडांत धुतलेल्या फडक्याचे बोळे घट्ट बसवले होते, धूळ जाऊ नये म्हणून.

मी तिथंच उभं राहून नागपूरला फोन लावला. "चाचा, जीपचा पाइप कुठं आहे?"



"चालून राह्यला ना?"

"चालून राह्यला."

"मंग कायले इचारता?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मी फडकी होती तशीच राहू दिली, बॉनेट लावलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.