फोन आला की नेट तुटायचं

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून होतं, पण पडायचं नाव नव्हतं. वारा अजिबात नाही. लातूरच्या आमच्या गल्लीत कपडे वाळत नव्हते आणि माणसं बोलत नव्हती. मी शेजारच्या हमीदभाईच्या शिलाईच्या दुकानापुढं ओट्यावर बसलो होतो. समोर आमच्या खोलीत नात सारिका लॅपटॉप उघडून बसलेली. डॉक्टरकीच्या कॉलेजांची नावं भरायचा शेवटचा दिवस. मार्क काठावर पडलेले. तिच्या बापानं, माझ्या बालाजीनं, गावाकडून आधीच बजावलं होतं, "दुसऱ्यांदा परीक्षेला बसवली, बास झालं. नंबर लागला तर लागला, न्हाई तर स्थळ तयार हाय."

आमच्या गल्लीत पोरगं क्लासला आलं की त्याला रांधून घालायला घरातलं एक माणूस मागं येतं. आमच्या घरातनं मी आलो. म्हातारपणी भाकरी थापायला शिकलो. बाकी दिवसभर बसून राहायचं. असं एका जागी बसलं की किस्से आपोआप साचतात, ओट्यावर धूळ साचते तसे.

*

आलो तेव्हा क्लासचे सर म्हणाले, पेपर सगळे नेटवर टाकतो. सारिका म्हणाली, "आबा, वेगळं नेट कशाला? तुमच्या फोनचंच मॉडेम करू."

"मॉडेम म्हणजे काय गं?"

"फोन म्हणजे नळ समजा. लॅपटॉप म्हणजे हंडा."

मी म्हणालो, "लातूरचा नळ हाय. आठ-आठ दिवस वाट बघावी लागंल."

ती हसली. पुढं खरंच वाट बघावी लागली. एक पेपर उतरून होईपर्यंत माझी भाकरी, भाजी, वरण सगळं होऊन जायचं.

*

एकदा फोन बंडीच्या खिशात तसाच राहिला आणि मी कोथिंबीर आणायला निघालो. चौकात पोहोचत नाही तर मागून सारिका पळत आली, पायात चप्पल नाही. "आबा, नेट घेऊन कुठं चाललात?"

भाजीवाली म्हणाली, "बाबा, जुडी राहू द्या, नेटच द्या पावशेर."

त्या दिवसापासून गल्लीत माझं नाव टॉवर पडलं. कुणी हाक मारली की मी ओ द्यायचो. आपल्या नावानं तरी कोण हाक मारत होतं तिथं?

*

खोलीत रेंज नव्हती. स्लॅब जाड. म्हणून फोन खिडकीत आणि फोनची राखण करायला मी बाहेर. तसंही भूकंपानंतर मी स्लॅबखाली झोपत नाही. घरमालक अप्पा क्लासच्या पोरांच्या जिवावर तिसरा माळा चढवून राहिले होते. ते मला हसायचे. "म्हातारबा, आत झोपा की. स्टील चांगलं घातलंय. पडत न्हाई हे."

मी म्हणालो, "आमचं मातीचं माळवद बी पडत न्हवतं, अप्पा. लेक होती आत माझी. चौथीत."

अप्पांनी वर स्लॅबकडं बघितलं. मग म्हणाले, "तिसऱ्या माळ्यावर रेंज चांगली येईल. खोली बदलता का?"

*

सगळ्यात मोठी अडचण अशी, की फोन आला की नेट तुटायचं. सारिका परीक्षेचा सराव करून राहिली असायची आणि मधेच अहमदपूरचे साडू. "काय चाललंय?" चाललेलं सगळं तिथंच थांबायचं. पोरगी डोकं धरून बसायची.

मी साडूला सांगितलं, "दुपारी करत नका जाऊ. सकाळी लवकर करा."

"लई मोठे झालात दाजी," साडू म्हणाले. "आता तुमची वेळ घेऊन बोलायचं."

पुढं त्यांनी सकाळीही केला नाही. बाकीच्यांनीही सोडून दिलं. साडूची म्हैस व्याली, साडू दवाखान्यात पडले, घरी आले, सगळं मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. नेट मात्र छान चालायला लागलं.

*

तर त्या दिवशी. सारिका दारात आली, तोंड उतरलेलं. "आबा, बाबांचा फोन येऊन राहिला. तिसऱ्यांदा तुटलं. परत पहिल्यापासून भरावं लागतंय."

"उचलून सांग की, थांबा म्हणून."

"उचललं तरी तुटतंय. अन् सांगितलं तर म्हणतील, भरूच नको."

हमीदभाईचा फोन बटणांचा. नेट नाही, पण बोलायला चांगला. मी तो मागून घेतला आणि बालाजीला लावला. तो माझ्याशी बोलतोय तोवर तिला फोन करणार नाही, एवढंच डोक्यात.

"तुमचा फोन लावून लावून थकलो," तो म्हणाला. "औशाकडचे पाव्हणे घरात बसलेत. तुमचा शब्द पाहिजे म्हणतात."

"बोल की निवांत. पोरगा कसा हाय?"

मी मुळात सावकाश माणूस. एरवी त्यावरून बोलणी खातो, त्या दिवशी तेच कामाला आलं. पोराची उंची विचारली, मामा कुठले विचारलं, विहिरीला पाणी किती, जनावरं किती. तो ठेवायला लागला की म्हणायचो, "थांब, एक राहिलं." दारातून सारिका बोटानं खूण करायची, थोडं आहे अजून.

"आबा, पाव्हणे उठून राहिले. हाव का न्हाई, ते सांगा."

न्हाई म्हणालो असतो तर रागानं आपटून पोरीलाच लावला असता. सारिकाचं बोट अजून वरच होतं.

"हाव," मी म्हणालो.

"नक्की?"

"हाव म्हणलं की. पोराचं शिक्षण किती म्हणलास?"

पण तो माझ्याशी बोलतच नव्हता. आत कुणाला तरी साखर आणायला सांगत होता. पलीकडून हसणं ऐकू आलं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

सारिका पळत बाहेर आली. "गेला, आबा. फॉर्म गेला." आणि तशीच आत गेली, चहा टाकायला.

मी फोन परत केला. हमीदभाईनं मशीन कधीचीच थांबवलेली होती. फोन गुडघ्यावर पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "पोरीचा फॉर्म गेला, चाचा. पर तुमचा हाव बी गेला."