भाभीच्या टबाखालच्या विटा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. खरंच आहे ते. पण ही एक गोष्ट मी त्यांनाही सांगितलेली नाही — लेकीला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? कुणास ठाऊक. बसा जरा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. कळंबोलीत आमची बैठी घरं, अंगणाला अंगण लागून, मधे कमरेएवढी भिंत. हे लोखंड बाजारात कामाला, सकाळी गेले की दिवेलागणीलाच परत. मी जालन्याकडची, आई कधीच गेलेली, ओली बाळंतीण, मांडीवर तान्ही पोर. कोण होतं माझं तिथं? शेजारची मरियमभाभी होती. रायगडातली कोकणी मुसलमान, नवरा वारलेला, एकुलता एक इरफान मस्कतला. रोज सकाळी पदर खोचून यायची, पाय लांब करून माझ्या लेकीला त्यावर घ्यायची, तेल चोळून न्हाऊ घालायची. मला अळीवाची खीर, गरम तांदळाची भाकरी. माझं दूध उतरत नव्हतं तेव्हा मी रडायचे, तर ही शेजारी बसून राहायची. आईनं याहून जास्त काय केलं असतं?

आणि भाभीचे बेडूक. हसू नका. इरफाननं जायच्या आधी डबक्यातून पिल्लं आणून वाढवली होती. मागच्या अंगणात बदामाच्या सावलीला सिमेंटचा टब, वर कोंबड्यांची जाळी — मांजरं फार — आणि जाळीवर एक वीट. नळाच्या पाण्याला औषधाचा वास, म्हणून भाभी त्यांच्यासाठी पावसाचं पाणी धरून ठेवायची. उन्हाळ्यात ओलं गोणपाट टाकायची. दिव्याखालचे किडे वेचून घालायची. इरफानचा फोन आमच्याकडं यायचा, तिच्याकडं कुठला फोन! आधी आईशी बोलायचा, मग म्हणायचा, ऐकव. मग मी लांब वायर ओढत फोन मागच्या दारी न्यायचे आणि भाभी भिंतीवरून रिसीव्हर टबाकडं धरून उभी राहायची. तिकडं वाळवंटात तो पोरगा डराव डराव ऐकत बसायचा. मलाही छान वाटायचं — खोटं नाही सांगत.

मग काय झालं? सांगते. सरळ येत नाही तोंडातून.

पावसाचे दिवस होते. बाळ रात्र रात्र जागं, मी जागी. त्या दुपारी भाभी पनवेलला गेलेली. पोरीचा कसाबसा डोळा लागला, मी आडवी होणार — आणि सर आली. बेडूक सुरू झाले. पोर दचकून उठली, किंचाळायला लागली. माझं डोकंच सणकलं. लोणच्यासाठी जाडं मीठ आणलेलं होतं. ते उचललं, भिंतीवरून पलीकडं गेले, वीट काढली, जाळी उचलली आणि सगळं टबात ओतलं.

एवढंच असतं तरी एक वेळ — नाही, पुढचंही सांगायला हवं. जाळी उघडी ठेवली असती तर ते उड्या मारून निघून गेले असते. मी जाळी परत लावली. वर वीट ठेवली. नीट, मधोमध.

सकाळी भाभीनं हाक मारली नाही. मी भिंतीशी गेले तर ती टबापाशी उकिडवी बसलेली. तिनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. म्हणाली, "खारा हाय गो. खाडी आली." आमच्याकडं मोठ्या भरतीला खालच्या गल्ल्यांत खाडीचं पाणी गटारातून उलटं चढतं, हे सगळ्यांना ठाऊक. मग तिनं मला विचारलं, "तुझ्याकडं पन आलेला काय पानी?"

आणि मी म्हणाले, "हो भाभी. उंबऱ्यापर्यंत आलेलं."

बदामाखाली तिनं खड्डा केला, एकेक उचलून पुरला. हात साबणानं घासघासून धुतले. आणि मग — नेहमीसारखी आली, पाय लांब केले, म्हणाली आण पोरीला. त्याच हातांनी माझ्या लेकीला न्हाऊ घातलं. मी पाणी ओतत होते.

इरफानचा फोन आला तेव्हा वायर माझ्याच हातात होती. भाभी त्याला म्हणाली, "माजीच चूक रे बाबा. टब मीच खाली ठेवला." तो तिकडून काय बोलला मला ऐकू आलं नाही. ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. मी बोलू शकत होते ना? हातभर अंतरावर तर उभी होते.

दुसऱ्या दिवशी तिनं टबाखाली विटा रचल्या. बेडूक काही पुन्हा आणले नाहीत.

पुढं कितीतरी वर्षं तिनं आमचं केलं. लेक तिला नानी म्हणत मोठी झाली. पोरीला गोवर निघाला तेव्हा उशाशी मी कमी आणि भाभी जास्त बसली. आज माझी पोर धडधाकट आहे, चार माणसांत प्रेमानं वागते — त्यात अर्धं भाभीचं आहे. मी हे रोज मनात म्हणते. तिला तोंडावर एकदाही म्हटलं नाही, कारण म्हणायला गेले असते तर बाकीचंही बाहेर आलं असतं.

इरफाननं द्रोणागिरीला घर घेतलं आणि तिला नेलं. जाताना टब मला देऊन गेली, विटांसकट. म्हणाली, विटा काढू नको गो, खाडीचा भरोसा नाय. आता भाभी नाही.

टब आमच्या अंगणात आहे. जाळी मी लावलेली नाही. पावसात कुठून कुठून बेडूक येतात, ओरडतात, जातात. आमचे हे दरवर्षी विचारतात, या विटा कशाला, इथवर पाणी कधी आलंय?

मी म्हणते, भाभीनं सांगितलंय.