पाठीवरचे तीन डाग

उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून आमच्या कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडले. इंदापूरला एक डॉक्टर बाई आहेत, त्या जनावराचा मणका नुसत्या बोटांनी हलके दाबून मोकळा करतात. एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, "हाड मोडलेलं नाही. परवा घेऊन या."

माझ्या वडिलांना, तात्यांना, तेवढा धीर कुठला. बैलाची पाठ धरली की तापलेल्या विळ्यानं डाग द्यायचा, हीच त्यांची विद्या. मी ड्युटीवर असताना त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर तीन डाग दिले.

बाईंनी पाठ बघितली आणि पुढं केलेला हात मागं घेतला. "मला जिथं दाबायचं, तिथंच भाजलंय. जखम भरेपर्यंत हात लावता येणार नाही." तोवर उशीर होईल का, असं मी विचारलं. त्यांनी एक्स-रे पाकिटात घालून माझ्या हातात दिला.

तात्यांना काय काय सुनवायचं, ते बारामतीपर्यंत मनात घोळवत आलो. घरी कुत्र्याला खाली ठेवलं, तर ते पुढच्या दोन पायांवर घसटत तात्यांकडंच गेलं. त्याचं डोकं कुरवाळत तात्या म्हणाले, "गुण न्हाय आला व्हय रं? एखादा डाग कमी पडला असंल."