हद्दीपलीकडचं पार्किंग

गेल्या ऑक्टोबरमध्ये माझ्या वडिलांना स्ट्रोक झाला आणि त्यांची वाचा गेली. आयुष्यभर ज्या इंग्रजीत नोकरी केली, ती परत आली नाही. मराठीतले काही शब्द महिन्याभराने आले.

विस्कॉन्सिनमध्ये, आमच्या घराच्या आसपास, मराठी बोलणारी स्पीच थेरपिस्ट नव्हती. एक शेजारच्या इलिनॉय राज्यात, शॉमबर्गमध्ये सापडली. पण तिथे पोहोचेपर्यंत वडील इतके थकत की बोलायचं त्राण उरत नसे. म्हणून व्हिडिओवर सेशन करायचं ठरलं. पहिल्याच कॉलवर तिने आईला विचारलं, "काकू, आत्ता कुठल्या राज्यात आहात?"

"विस्कॉन्सिन. घरीच आहोत की."

"मग मला थांबावं लागेल. माझं लायसन्स इलिनॉयचं आहे. पेशंट जिथे बसलाय तिथलं लागतं."

"अगं, तू तीच, हे तेच. मधली रेघ कुणाला दिसते?"

"मला कळतंय, काकू. तिकडच्या लायसन्सला अप्लाय करते. तोवर नाही जमणार."

आईने फोन ठेवला आणि नकाशा उघडला. राज्याची हद्द गाडीने पंधरा मिनिटांवर होती. हद्दीपलीकडे लगेच एका किराणा दुकानाचं पार्किंग होतं. पुढच्या मंगळवारी ती वडिलांना घेऊन तिथे गेली. फोन डॅशबोर्डला टेकवला, हीटर चालू ठेवला आणि थेरपिस्टला सांगितलं, "इलिनॉय. बोल आता."

माझी आतेबहीण बेल्जियममध्ये डॉक्टर आहे. हे ऐकून ती फोनवर हसली. "अगं मामी, आमच्याकडे युरोपात देश वेगळे, भाषा वेगळ्या, भांडणं रोजची. पण व्हिडिओवर उपचार झाले, तर ते डॉक्टरच्या देशात झाले असं धरतात. पेशंट कुठे का बसेना."

"आणि आमचा एकच देश, एकच झेंडा. तुझ्या मामाची जीभ मात्र विस्कॉन्सिनची."

"आमचंही फार कौतुक नको. बिल कुठल्या देशाने भरायचं, यावर तेच देश पत्रं लिहीत बसतात."

हिवाळ्यात बर्फामुळे एक सेशन कॅन्सल झालं. आईने ते त्याच आठवड्यात, रस्ता मोकळा झाल्यावर, भरून काढलं. मी घरी असलो की मागच्या सीटवर बसायचो. घरीच बसून 'इलिनॉय' सांगून टाकावं, असं मी सुचवलं होतं. "तिचं लायसन्स जाईल. मग यांना कोण बोलतं करणार?" आई म्हणाली. विषय तिथे संपला.

प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला थेरपिस्टला तोच प्रश्न विचारावा लागतो. उत्तर आई देत असे. गेल्या मंगळवारी थेरपिस्टने तो वडिलांना विचारला.

"काका, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

आईने तोंड उघडलं आणि मिटलं. वडिलांनी स्टिअरिंगकडे बघितलं.

"गाडीत," ते म्हणाले.

"बरोबर. गाडी कुठल्या राज्यात आहे?"

"गाडीत," ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने.

आईने इलिनॉय असं सांगितलं. थेरपिस्टने ते नोंदवलं आणि सेशन सुरू झालं. विस्कॉन्सिनच्या लायसन्सचं उत्तर अद्याप आलेलं नाही.