भिवंडीच्या गोदामातल्या नळ्या

फिरायला म्हणून भिवंडीला कोणी जात नाही. मीही गेले नसते. पण आमचं मशीन अपग्रेडसाठी बंद झाल्यापासून मी नाशिकला घरीच बसून होते, आणि त्याच्या परदेशातून आलेल्या नव्या नळ्या भिवंडीच्या एका गोदामात पडून होत्या. माझे गाइड सर फोनवर म्हणाले, तूच जवळ आहेस, बघून ये.

मशीन म्हणजे सिंक्रोट्रॉन. इलेक्ट्रॉन गोल नळीतून पळवायचे, वळताना ते जे प्रखर क्ष-किरण टाकतात त्यात आपला नमुना धरायचा. माझे प्रथिनांचे स्फटिक इतके बारीक की जुन्या किरणात काही दिसेना. नव्या नळ्या बसल्या की दिसणार होतं. माझी पीएचडी तिथेच अडकली होती, आणि फेलोशिप याच वर्षी संपतेय.

सकाळची एसटी धरली. कसारा घाट उतरेपर्यंत मी चक्क खुशीत होते. पडघ्याला उतरून वडापाव खाल्ला. वडा गरम, चटणी तिखटजाळ. पुढे शेअर रिक्षा स्वस्त पडते, पण माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि हलली की कंटेनरच्या रांगेत अडकते. घाई असेल तर या वाटेला जाऊ नका. दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं, मधेच भातशेतीचा एखादा तुकडा.

गोदामाचे राखणदार बाळारामकाका भिवंडीजवळच्याच टेमघरचे. घरचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, विकले, तेव्हापासून इथे ड्युटी. चहा पाजल्याशिवाय पेट्या दाखवेनात. मग एकीचं झाकण काढलं आणि तेलाचा वास आला. नळीच्या तोंडाचं सील तुटलेलं होतं.

"पत्रा गळत व्हता ताई," काका म्हणाले. "पेट्या भिजल्या. लूम बंद ठेवायचा तर आमी पयलं तेल देतो, न्हायतर गंज खातो. म्हनून आतूनबी दिलं, काठीला फडका बांधून."

या नळ्यांत हवासुद्धा ठेवत नाहीत. बोटाचा ठसा चालत नाही. आतून खास लेप असतो, त्याला तेल लागलं की नळी भंगारात. बाकीच्या पेट्यांचं काय, मी कसंबसं विचारलं.

"समद्यांना दिलंय. एकबी सोडली न्हाय. सुट्टीच्या दिशी आलो, तेलबी पदरचं आनलं."

ते शाबासकीची वाट बघत होते. मला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. सुट्टीच्या दिवशी येऊन, पदरचं तेल आणून या माणसाने माझं वाटोळं केलं होतं. खूप मेहनत घेतलीत काका, एवढंच म्हटलं आणि बाहेर आले. सरांना फोन लावला. ते म्हणाले, पुन्हा बनवून घ्यायला वर्षं जातील.

घरी आईने ताट वाढलं, प्रवास कसा झाला विचारलं. मी घाटाबद्दल काहीबाही सांगितलं. सर म्हणतात, आहे त्यावर प्रबंध लिहून टाक, शेवटचं प्रकरण गाळ. काकांचा राग आला असता तर निदान त्यावर चार दिवस निघाले असते. तोही येत नाही. झोप तेवढी येते, दिवसासुद्धा.

काल लॅबमधल्या मैत्रिणीचा फोन आला. फ्रीजमध्ये जागा हवी होती तिला. तुझे स्फटिक ठेवू की टाकू, तिने विचारलं. इतकी वर्षं ते टिकत नाहीत, हे तिलाही माहीत आहे.

टाक, म्हटलं.