वर विचारून सांगणारी आक्का

कळंब्यात आमच्या शेजारच्या आक्काला कुणी वेळ विचारली, की ती मनगटाकडं बघायची नाही. "थांब, वर विचारून सांगते," म्हणायची आणि जिना चढून जायची. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारी देवघरात गेली. वर रेडिओ होता. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर आक्कानं परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला होता आणि गच्चीवरच्या तारेच्या जोरावर ती जगभर बोलायची. त्या रेडिओत उपग्रहावरून वेळ घेणारं घड्याळ होतं. बाकीची घड्याळं तिच्या लेखी अफवा.

मी कॉम्प्युटरचे क्लास घेते, म्हणून एकदा तिनं मला हाक मारली. कॉम्प्युटरवरचे संदेश रेडिओनं पाठवायची नवी पद्धत तिनं वापरायला घेतली होती. त्यात पाठवायची आणि ऐकायची पाळी सेकंदाला बांधलेली असते. रेडिओतून किणकिण तर ऐकू यायची, पण स्क्रीन कोरी. आक्काचा संशय तिच्या तारेशेजारी वाळत घातलेल्या माझ्या धुण्यावर होता.

"तुझ्या गोधड्या काढ गं. जपान अडलंय त्यात!"

मी गोधड्या काढल्या. जपान आलं नाही. मग मी कॉम्प्युटरचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं आणि भीत भीत म्हटलं, "आक्का, तुझा कॉम्प्युटर मागं चाललाय. म्हणून पाळी चुकतीय."

"माझा?" चोरीचा आळ घेतल्यासारखी ती माझ्याकडं बघत राहिली. गल्लीभर लोकांची घड्याळं दुरुस्त करणारी बाई स्वतःच मागं! त्या दिवशी ती धड जेवली नाही.

मी हातानं वेळ लावून दिली. जुना कॉम्प्युटर पुन्हा रेंगाळला. इंटरनेट जोडूया म्हटलं, तर भडकली. "घरात बरोबर वेळ असताना शेजारनं मागून आणायची व्हय?" शेवटी तिनंच रेडिओतून कॉम्प्युटरला वायर जोडली आणि कुठून तरी एक छोटा प्रोग्रॅम मिळवला. उपग्रह रेडिओला वेळ सांगणार, रेडिओ कॉम्प्युटरला. आकडे टुणकन पुढं सरकले आणि कोऱ्या स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. जपानमधल्या कुणी तरी आक्काला उत्तर दिलं होतं. तिनं आधी पदर सारखा केला.

"साखर आण गं."

"कुणाला?"

"मला! जपानला कशी देऊ?"

पुढं तिला आवरणं अवघड झालं. गारगोटीला नातीच्या लग्नात ती हातात मावणारा छोटा रेडिओ पिशवीत घालून आली. हॉलच्या पत्र्याखाली उपग्रह सापडेनात, म्हणून भर उन्हात बाहेर जाऊन उभी राहिली. हॉलमधलं घड्याळ पुढं होतं. उपाध्ये शेवटच्या मंगलाष्टकाला आले आणि बाहेरून आरोळी आली, "थांबा! मुहूर्त व्हायचाय अजून!"

नवरदेवाचे मामा खवळले. "लगीन कुणाच्या घड्याळावर लावायचं, पावणं?"

"सॅटेलाइटच्या!"

तेवढ्यात कुणाच्या तरी हातून अक्षता सुटल्या. त्या बघून सगळ्यांनी टाकल्या, बँड सुरू झाला, हार पडले. आक्का घामाघूम होऊन आत आली, रेडिओवर नजर ठेवून क्षणभर थांबली आणि जोडप्यावर एकटीनं अक्षता टाकल्या. "आता लागलं लगीन," म्हणाली आणि पंगतीकडं वळली. मामांनीच तिला आग्रहानं जिलबी वाढली.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक तिला बेंगळुरूला घेऊन गेली. तिनं तिथं नवा रेडिओ घेतला आणि जुना माझ्या घरी आला. तिच्याच धाकानं मीही परीक्षा दिली होती. एका दुपारी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लावून बसले, तर खरखरीतून तिचा आवाज आला. आधी माझं संकेतनाव, मग तिचं, सगळं कायदेशीर. मी बोलायचं बटण दाबलं आणि रडायलाच लागले. नाक ओढल्याचा आवाज तेवढा बेंगळुरूपर्यंत गेला असावा. कारण दमून मी बोट उचललं तशी ती ओरडली,

"रडायचं आसल तर बटण सोडून रड गं. लाइन दुसऱ्यांनाबी लागती."

मी बटण दाबून "व्हय" म्हटलं, आणि सोडलं.